काळीज बदलले, मूत्रपिंडांचे काय?



आपण म्हणतो, 'माझे काळीज धडधडते.' आणि छातीवर हात ठेवतो. पण खाटकाच्या दुकानात जाऊन कलेजी मागा. तो काही हृदय देत नाही. तो देतो ते यकृत. म्हणजे काळीज हे मुळात यकृत. बोलताना ते छातीत सरकले आहे, इतकेच. शरीरात ते उजव्या बरगड्यांच्या खाली असते. मोठ्या माणसाचे यकृत सुमारे दीड किलो भरते.

त्याच दुकानात गुर्दाही मिळतो. गुर्दा म्हणजे मूत्रपिंड. शहरातले लोक किडनी म्हणतात. आकार घेवड्याच्या बीसारखा, मोठेपणा आपल्या मुठीएवढा. ती दोन असतात, पाठीकडे, कण्याच्या दोन बाजूंना.

आज या दोघांविषयी बोलायचे आहे. यकृत अगदी निकामी झाले, तर हल्ली दुसरे बसवता येते. एका वाफ्यातले रोप उपटून दुसऱ्या वाफ्यात लावावे, तसे हे काम. म्हणून त्याला प्रत्यारोपण म्हणतात. शब्द मोठा आहे, पण आत आपले 'रोप'च आहे. आता गंमत अशी, की यकृत नवे बसले, चांगले बसले, तरी माणूस पुढे किती वर्षे आणि कसा जगेल, हे पुष्कळसे मूत्रपिंडांवर ठरते. ज्यांना कोणी हात लावला नाही, त्यांच्यावर!

तुम्ही म्हणाल, गुरुजी, ही शहरातली लाखो रुपयांची शस्त्रक्रिया. आम्हा शेतकऱ्यांना तिचे काय? तर मंडळी, असा आजार घर विचारून येत नाही. दारूने यकृत सडते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण काविळीच्या काही जंतूंनीही सडते. मधुमेहाने आणि चरबी साठूनही सडते. माळकरी माणसालाही हा आजार होतो. तेव्हा कुणाचे यकृत बिघडले, की 'पीत असेल' म्हणून मोकळे होऊ नका. आम्हाला ही सवय मुळीच आवडत नाही.

यकृत हे घरातले कोठार, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, सगळे एकच समजा. अन्नाचा रस तिथे येतो. त्यातून रक्ताला लागणारी द्रव्ये तिथे तयार होतात. जखम झाली की रक्त गोठते, तेही यकृताच्या जोरावर. पित्त तिथेच बनते. विष आले तर ते निरुपद्रवी करण्याचे कामही त्याचेच. मूत्रपिंडांचे काम गाळण्याचे. दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यातले बहुतेक सगळे पुन्हा रक्तात सोडतात. दीड-दोन लिटर तेवढे लघवी म्हणून बाहेर टाकतात. पंधरा लिटरच्या बारा घागरी भरून गाळायच्या, आणि तेही रोज. सणावारी सुट्टी नाही.

यकृत बदलण्याची खटपट प्रथम अमेरिकेत झाली. डेन्व्हर नावाच्या शहरात १९६३ साली डॉ. थॉमस स्टार्झल यांनी एका लहान मुलावर पहिला प्रयत्न केला. ते मूल वाचले नाही. पुढचेही रोगी वाचेनात. १९६७ साली एक लहान मुलगी वर्षभर जगली, तेव्हा कुठे आशा वाटू लागली. ही साधी रोग्यांची नेहमीची चिकित्सा आहे असे अमेरिकेतल्या जाणत्या डॉक्टरांनी मान्य केले ते १९८३ साली. वीस वर्षे गेली! आपल्या देशात १९९४ साली अवयवदानाचा कायदा झाला. १९९८ साली दिल्लीत दीड-दोन वर्षांच्या एका मुलाला त्याच्या वडिलांच्या यकृताचा तुकडा बसवला, आणि तो जगला. 'काळजाचा तुकडा' हे आपण लेकराला नुसते म्हणतो. त्या बापाने तो खरोखर कापून दिला. यकृताचा गुण असा, की उरलेला भाग काही आठवड्यांत पुन्हा वाढून भरून येतो. म्हणून जिवंत माणसाला तो देता येतो. आपल्या देशात बहुतेक रोग्यांना यकृत घरचेच माणूस देते.

आता मुद्द्याकडे येऊ. यकृत बिघडले, तर मूत्रपिंडांना त्याची झळ का लागते?

पाटाच्या पाण्याचे उदाहरण घ्या. ज्यांची शेती पाटाच्या शेवटच्या टोकाला आहे, त्यांना हे लगेच समजेल. वरच्या अंगाला दारे फुटली. पाणी वरच्याच शेतांत पसरून राहिले. मग टोकाच्या शेताला काय मिळणार? धरणात पाणी आहे, पाटही आहे, पण टोकाला जमीन भेगाळते. यकृत सडून कठीण झाले, की पोटातल्या, आतड्यांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात. रक्त तिथेच रेंगाळते. शरीराला वाटते, रक्त कमी पडले. ते घाबरून हातपाय आखडते, म्हणजे दुसरीकडच्या वाहिन्या आवळून धरते. त्यांत मूत्रपिंडांच्या वाहिन्याही आवळल्या जातात. मूत्रपिंडे सुकतात. लघवी कमी होते. पोटात पाणी साठलेलेच असते. त्याला आपण जलोदर म्हणतो. माणूस पाण्याने फुगलेला, आणि मूत्रपिंडे मात्र तहानेने व्याकूळ!

पण टोकाची ती जमीन नापीक आहे का? मुळीच नाही. पाणी मिळाले, की ती हिरवी होईल. डॉक्टरांनी हे कसे ताडले, ते ऐकण्याजोगे आहे. अशा रोगाने जे लोक मरण पावले, त्यांची मूत्रपिंडे काढून, ज्यांची यकृते चांगली होती अशा दुसऱ्या रोग्यांना बसवली. तिथे ती मूत्रपिंडे काम करू लागली! हे अमेरिकेत १९६९ साली छापून आले. पुढे १९७३ साली उलट बाजूही दिसली. अशा रोग्यांना नवे यकृत बसवले, आणि त्यांची स्वतःचीच मूत्रपिंडे पुन्हा चालू झाली. म्हणजे दोष शेताचा नव्हता, पाण्याचा होता.

यावरून औषधही निघाले. टर्लिप्रेसिन नावाचे एक औषध शिरेतून देतात. ते वरची फुटलेली दारे आवळते. त्याच्या जोडीला अल्ब्युमिन नावाचे द्रव्य देतात, म्हणजे वाहिन्यांत रक्ताला भर येतो. काही रोग्यांची मूत्रपिंडे याने तात्पुरती सावरतात. सगळ्यांची सावरत नाहीत. खरा इलाज यकृत बदलणे हाच. पण तोवर मूत्रपिंडे जितकी सावरतील तितके बरे. कारण मूत्रपिंडे ठीक असताना शस्त्रक्रिया झाली, तर रोगी वाचण्याचा संभव अधिक असतो. ती थकलेली असताना झाली, तर दवाखान्यातला मुक्काम लांबतो, रक्त यंत्राने धुवावे लागते, जंतूंची बाधा होण्याची भीती वाढते. जोडीतला एक बैल मेला म्हणून नवा आणला, पण दुसरा उपाशी ठेवलेला असेल, तर नांगर कसा ओढला जाईल?

टोकाचे शेत कायमच कोरडे राहिले तर? तर मग जमीनच बिघडते. मूत्रपिंडांचेही तसेच. आठ-पंधरा दिवसांची तहान भरून निघते. कित्येक महिन्यांची निघेलच असे नाही. आणि ज्याला आधीपासून मधुमेह आहे, रक्तदाब आहे, त्याच्या मूत्रपिंडांत खरीच झीज झालेली असू शकते. ती नव्या यकृताने भरत नाही. म्हणून डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारतात, 'हे कधीपासून?' त्या प्रश्नाचा कंटाळा करू नका. उत्तरावर फार काही अवलंबून असते.

मूत्रपिंड कसे चालले आहे, हे रक्त तपासून कळते. तपासणीच्या कागदावर क्रिएटिनिन असा शब्द शोधा. हे एक प्रकारची राख आहे, असे समजा. आपले स्नायू रोज काम करतात, त्याची ती राख. मूत्रपिंडे ती बाहेर टाकतात. ती रक्तात साठू लागली, की मूत्रपिंडे मंद झाली असे ओळखावे. निरोगी माणसात हा आकडा एकाच्या आसपास असतो. पण इथे एक फसगत आहे, बरं का. चुलीत लाकूडच थोडे असेल, तर राख थोडीच पडणार. यकृताच्या रोग्याचे दंड, मांड्या वाळून जातात. स्नायू थोडे, म्हणून राख थोडी. कागदावरचा आकडा चांगला दिसतो, आणि आत मूत्रपिंडे मात्र निम्मी झालेली असतात. बायकांचे असेच. त्यांच्या अंगी स्नायू मुळात पुरुषांपेक्षा कमी. त्यांचा आकडा लहान दिसतो, आणि घरचे म्हणतात, 'हिला काही एवढे झालेले नाही.'

या फसगतीने अमेरिकेत मोठा अन्याय झाला. तिकडे बहुतेक यकृते मृत दात्यांकडून मिळतात. मागणारे पुष्कळ, मिळणारी थोडी. मग आधी कोणाला द्यायचे? २००२ सालापासून त्यांनी गुणांची पद्धत लावली. ६ पासून ४० पर्यंत गुण. ज्याला गुण जास्त, तो जास्त आजारी, त्याचा नंबर आधी. आम्ही जन्मभर मुलांना गुण दिले, पण जास्त गुण म्हणजे जास्त वाईट, असे हे एकच गुणपत्रक पाहिले! हे गुण तीन गोष्टींवरून काढत. रक्तात पिवळेपणा किती, रक्त गोठायला वेळ किती, आणि क्रिएटिनिन किती. हे गणित बसवणाऱ्यांत डॉ. पॅट्रिक कामत हे मूळचे भारतातले डॉक्टर होते. पाहा, यकृताच्या रांगेत मूत्रपिंडाचा आकडा! कारण रोगी किती दिवस तग धरेल, हे त्यावरून फार चांगले कळते. पण बायकांची राखच थोडी. त्यांना गुण कमी पडत. रांगेत त्या मागे राहत, आणि वाट पाहता पाहता मरत. हे ध्यानात यायला आणि सुधारायला २०२३ साल उजाडले. आता तिकडे बाईला त्यासाठी १.३३ गुण वेगळे देतात. एवढ्याशा गुणाने काय होते, असे म्हणू नका. परीक्षेत एका गुणाने नापास झालेली मुले आम्ही पाहिली आहेत. आपल्याकडचे डॉक्टरही हा आकडा काढतात. तेव्हा घरात बाई आजारी असेल, तर नुसत्या क्रिएटिनिनवर समाधान मानू नका. तिचे वजन, तिचे वाळलेले दंड डॉक्टरांना दाखवा.

याच गुणांतून दुसरा एक तंटा उभा राहिला. मूत्रपिंडे बिघडलेल्यांना गुण जास्त, म्हणून यकृत मिळालेल्यांत अशा रोग्यांची संख्या वाढली. मग त्यांना यकृताबरोबर मूत्रपिंडही बसवायचे का? बसवावे, असे वाटते खरे. पण त्याच मूत्रपिंडासाठी दुसरा कोणी वर्षानुवर्षे थांबलेला असतो. रक्त धुण्याच्या यंत्रावर आठवड्याला तीन-तीन दिवस जाऊन तो जीव धरून असतो. आणि यकृताच्या रोग्याचे स्वतःचे मूत्रपिंड नव्या यकृतानंतर आपोआप जागे झाले असते तर? मग एक मूत्रपिंड वाया गेले, आणि एक माणूस रांगेतच राहिला. पाणीपाळीवरून होणारी भांडणे आपल्याला नवीन नाहीत. हे तसेच, फक्त इथे पाण्याच्या जागी माणसाचा अवयव.

२०१७ साली अमेरिकेने यावर नियम केला. तो आम्हाला शहाणपणाचा वाटतो. मूत्रपिंडाचा आजार जुना आणि बळावलेला असेल, किंवा सहा आठवडे सलग मूत्रपिंडे जवळजवळ बंद असतील, तरच दोन्ही अवयव एकदम द्यायचे. नाही तर आधी नुसते यकृत द्या. पुढे दोन महिने ते एक वर्ष या काळात मूत्रपिंडे उठलीच नाहीत, तर त्या माणसाला मूत्रपिंडाच्या रांगेत पुढचा नंबर द्या. म्हणजे कोणाचे हिसकावून घेतले नाही, आणि कोणाला वाऱ्यावरही सोडले नाही.

शस्त्रक्रिया हाही मूत्रपिंडांना धक्काच असतो. ती पुष्कळ तास चालते. रक्त जाते, रक्तदाब खाली येतो. पहिल्या दिवसांत काही रोग्यांची मूत्रपिंडे बसून जातात, आणि पुष्कळांची पुन्हा उठतात. त्याविषयी इथे जास्त सांगत नाही. ते काम भूल देणाऱ्यांचे आणि शस्त्रक्रिया करणाऱ्यांचे. रोग्याच्या हातात जे आहे, ते त्यानंतर सुरू होते.

शरीर हे राखणदार कुत्र्यासारखे आहे. परका आला, की भुंकते, चावते. नवे यकृत परके. म्हणून शरीराला शांत ठेवणारे औषध रोज घ्यावे लागते. अशी औषधे कुठे सापडली, ठाऊक आहे? मातीत! सायक्लोस्पोरिन नावाचे औषध एका बुरशीपासून निघाले. ती बुरशी नॉर्वे देशातल्या पठाराच्या मातीत मिळाली होती. आज ज्याचा जास्त वापर होतो ते टॅक्रोलिमस. ते जपानातल्या त्सुकुबा डोंगराच्या मातीतल्या जंतूंपासून १९८४ साली सापडले. या औषधांनी हजारो यकृते टिकवली. त्यांच्याआधी वर्षभर जगणारे थोडेच असत.

पण जे औषध यकृत राखते, तेच मूत्रपिंडांना बाधते. ते मूत्रपिंडात रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या आवळते. सायक्लोस्पोरिन माणसांना प्रथम देऊ लागले तेव्हाच, १९७८ साली, इंग्लंडात केंब्रिजच्या डॉक्टरांना हा दोष दिसला. वर्षानुवर्षे असे आवळत राहिले, की मूत्रपिंडात वण पडतात. ते परत भरून येत नाहीत. शिवाय या औषधांनी रक्तदाब चढतो, काहींना मधुमेह जडतो. ते दोघे मूत्रपिंडांचे जुने वैरी.

हा त्रास किती जणांना होतो, याची मोठी मोजदाद अमेरिकेत झाली. १९९० ते २००० या काळात मूत्रपिंडाखेरीज दुसरा अवयव मिळालेल्या सुमारे ६९ हजार लोकांची माहिती त्यांनी पाहिली. २००३ साली ती छापली. यकृत मिळालेल्यांपैकी पाच वर्षांत शंभरातल्या १८ जणांची मूत्रपिंडे अगदी खालावली होती. आणि ज्यांची खालावली, त्यांना मरणाचा धोका इतरांच्या चौपटीहून अधिक होता. यकृत ठणठणीत, आणि माणूस मूत्रपिंडांपायी जातो.

तेव्हापासून डॉक्टर औषध बेताने देऊ लागले. मूत्रपिंडे अशक्त असतील, तर टॅक्रोलिमस उशिरा सुरू करतात, त्याची मात्रा कमी ठेवतात, जोडीला मूत्रपिंडांना कमी बाधणारे दुसरे औषध देतात. रक्तात औषध किती आहे, हे पुन्हा पुन्हा तपासतात. हे रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचे असते. गोळी घेऊन गेलात, तर आकडा चुकतो, आणि फेरी फुकट जाते. जुलाब लागले, तर रक्तात हे औषध वाढते, आणि अंगातले पाणीही जाते. मूत्रपिंडांवर दोन्हीकडून मार. तेव्हा 'थांबतील उद्या' म्हणू नका, त्याच दिवशी फोन करा. पपनस खाऊ नका. त्यानेही औषध वाढते. क्षयाच्या एका औषधाने ते उलट फार कमी होते, आणि यकृत धोक्यात येते. म्हणून दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे गेलात, तरी आधी सांगा, 'माझे यकृत बदललेले आहे.'

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे यकृत बदलून आता सहा वर्षे झाली. त्याला यकृत दिले त्याच्या बायकोने. ती सूनबाई आपल्याच प्रौढ वर्गात अक्षरे शिकली. तिने शंभर पानांची एक वही घातली आहे. तीत तारीख, क्रिएटिनिन, औषधाचा आकडा आणि रक्तदाब, असे चार रकाने आखले आहेत. मागे एकदा तिने तपासणीचा कागद वाचला आणि वही घेऊन आमच्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, दर खेपेला १.१ नाही तर १.२ असायचं. आज १.९ लिहिलंय. मी वाचायला चुकले का?" ती चुकली नव्हती. आम्ही विचारले, "हल्ली तो नवे काही घेतो का?" तेव्हा कळले, की ऊसतोडीच्या दिवसांत याचे गुडघे धरले होते. दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून तो पंधरा दिवस घेत होता. त्याने डॉक्टरांना सांगितले नव्हते, आणि बायकोलाही नाही. दुकानदाराने विचारले नव्हते.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा दुखण्याच्या गोळ्या मूत्रपिंडाचे रक्त आणखी तोडतात. यकृताच्या रोग्याने त्या शस्त्रक्रियेआधीही घेऊ नयेत आणि नंतरही घेऊ नयेत. त्या दोघांना आम्ही त्याच रात्रीच्या गाडीने पाठवले. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, टॅक्रोलिमसची मात्रा उतरवली. महिन्याने आकडा १.४ वर आला. १.१ वर तो अजून आलेला नाही.

आता कोणाच्या घरी असा प्रसंग असेल, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधी डॉक्टरांना विचारा, मूत्रपिंडे किती चालतात? नुसत्या क्रिएटिनिनवरून सांगता की आणखी काही तपासले? लघवीत प्रथिने जातात का? बिघाड यकृतापायी आहे, की मूत्रपिंडांचाच आहे? नवे यकृत बसल्यावर ती सुधारतील असे वाटते का? आणि नाही सुधारली, तर पुढे काय करायचे? घरातल्या एकाने यकृत दिले, दुसऱ्याला मूत्रपिंड द्यायची वेळ येईल का, हे आधी ठाऊक असलेले बरे. खर्चाचा अंदाज घेताना वर्षानुवर्षांची औषधे आणि तपासण्या धरा. लोक शस्त्रक्रियेपुरती जमीन विकतात, आणि तिसऱ्या वर्षी तपासणीच्या पैशांसाठी चुकारपणा करतात.

हे प्रश्न घरूनच कागदावर लिहून न्या. समोर जागा सोडा, आणि डॉक्टर सांगतील ते तिथेच लिहून घ्या. न समजलेला शब्द त्यांच्याकडूनच लिहवून घ्या, आणि वर्गाच्या दिवशी इकडे आणा. आपण फळ्यावर मांडून तो वाचू.